पाठीवरचा हात



या व्याख्यानमालेत आजवर किल्ल्यांवर बोललं गेलं, संतांवर बोललं गेलं, मागच्या वर्षी शेअर बाजारावरही बोललं गेलं. ज्या माणसाच्या स्मरणार्थ ती चालते, तो माणूस मात्र उभं आयुष्य खो-खोच्या मैदानावर फक्की मारत राहिला. त्यांचं नाव पत्रिकेवर छापलं आहे. मी ते घेणार नाही, कारण आमच्या तोंडात 'सर' एवढंच बसलेलं आहे. दुपारी चारला सर झारी घेऊन मैदानावर पाणी मारायचे, मग दोन्ही खुंट हाताने हलवून बघायचे. रोज. कालच तर घट्ट होता, म्हणून आज राहू दे, असं त्यांनी केलेलं मला आठवत नाही. मग खुंटावरून तळहात फिरवायचे. लाकडाचं कुसळ वर आलेलं असलं, तर खिशातून काचपेपर काढायचे. पोरगी पळत येऊन खुंटाला हात घालून गिरकी घेते, तेव्हा तिचा सगळा भार त्या एका तळव्यावर असतो, हे त्यांना न सांगता ठाऊक होतं.

संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा 'खो-खोचा इतिहास' असं सांगून मी सुटू शकले असते. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही तो जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. टाळ्या झाल्या असत्या, आपण चहाला लागलो असतो. पण मला बोलायचंय ते फक्कीच्या रेघेबाहेर काय चालतं, त्याबद्दल. आपल्या गावोगावच्या मंडळांत, तालमींत, आखाड्यांत येणारं पोर सुरक्षित असतं का, आणि त्याचा मान राहतो का, त्याबद्दल.

खो-खो हा मागून स्पर्श करण्याचा खेळ आहे. बसलेल्याला मागचा दिसत नाही. मागचा येतो, पाठीवर तळहात टेकवतो, त्याच क्षणी मोठ्याने 'खो' म्हणतो, आणि बसलेला सुटतो. हात लावला पण 'खो' ऐकू आला नाही, तर फाउल. ओरडला पण हात लागला नाही, तरी फाउल. समोरून दिला, फाउल. आठ जण पाठ मोकळी सोडून निवांत बसू शकतात, ते मागून येणारा हात कुठे पडणार आणि कोणता शब्द घेऊन येणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं म्हणून. कुणी चिडून पाठीत धपाटा घातला, की सर शिट्टी मारून डाव थांबवायचे आणि म्हणायचे, "खो दे, रट्टा देऊ नकोस."

खेळातल्या एका स्पर्शाला इतके काटेकोर नियम. आणि डाव सुटल्यावर? लचकलेला पाय कुणी चोळायचा, दार लावून की उघडं ठेवून. स्पर्धेला परगावी गेल्यावर शाळेच्या वर्गात पोरींच्या बाजूला कोण झोपणार. रात्री साडेनऊला सराव संपल्यावर कुणाच्या मोटरसायकलवर कुणी बसायचं. याला नियम नाहीत. तिथे आपलं उत्तर ठरलेलं असतं. "अहो, सगळी घरचीच माणसं."

या 'घरच्या'चीच गोष्ट आज सांगायची आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली तेव्हा मंडळाच्या ऑफिसात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही चार-पाच जणींनी ढाली आणि कप बाजूला सारले आणि आधी कागद वाचवायला घेतले. ढाल पुसता येते, कागदाचा लगदा होतो. हजेरीपट गच्चीवर ओळीने उघडून ठेवले, पानं चिकटू नयेत म्हणून मध्ये वर्तमानपत्राचे कपटे घातले, वर विटा. पानं उलटता उलटता १९७७ चं पान निघालं. माझं नाव सातवं. आठव्या नावापुढे जूनपर्यंत रोजची खूण, मग रिकाम्या चौकटी, आणि ऑगस्टात नावावरून लाल शाईची सरळ रेघ.

ती आमच्यातली सगळ्यात चपळ. खुंटाशी तिच्यासारखी वळणारी मी नंतरही फार पाहिली नाही. ती यायची थांबली तेव्हा आम्ही म्हणालो, "लग्न ठरलं असेल." कुणी म्हणालं, "घरचे सोडत नसतील." कदाचित तेच खरं असेल. माझं म्हणणं एवढंच, की तिच्या घरी कुणी गेलं नाही. मैदानावरचा चेंडू कुणाच्या परड्यात गेला तर आम्ही वाड्यावाड्यांतून हिंडून शोधून आणायचो. ही पोर गेली, तर मॉनिटरने पट्टी लावून रेघ मारली.

दुसरं पान निघालं १९९८ चं. तेव्हा हजेरी माझ्याच हाताची. तेरा वर्षांची एक मुलगी. तिच्या नावापुढे दोन महिने मंगळवार आणि शुक्रवार कोरे, बाकी वार भरलेले. गच्चीवर उन्हात बसून मला ते एका नजरेत दिसलं. तेव्हा मात्र रोज त्याच पटावर पेन चालवत असताना दिसलं नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी सामानाच्या खोलीची किल्ली एका कार्यकर्त्याकडे असायची. कामाला वाघ माणूस. गणपतीच्या मांडवापासून स्पर्धेच्या जेवणावळीपर्यंत सगळीकडे पुढे. टेप आण, शिट्टी आण, म्हणून तो पोरींना आत पाठवायचा. आत काय झालं ते मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. ते त्या मुलीचं आहे. मला ते तिच्या आत्याने नळावर, हंडा भरता भरता, दुसरीकडे बघत सांगितलं.

मी बैठक बोलावली. नऊ पुरुष आणि मी. चहा आला. मग एकेक जण बोलायला लागला. मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे. मंडळाला पन्नास वर्षं होत आली आहेत. तो माणूस असा नाही हो. एकाने तर "मुलींनीही जरा..." एवढंच म्हटलं आणि वाक्य अर्धवट सोडलं. अशी अर्धी वाक्यं फार काम करतात. ठराव काही झाला नाही. ठराव केला असता तर तो इतिवृत्तात लिहावा लागला असता. त्याला "काही दिवस येऊ नका" असं सांगायचं ठरलं. सांगायला दोघे गेले. तिथेही चहा झालाच असणार.

सर त्या बैठकीत होते. एक शब्द बोलले नाहीत. मी बोलले, पण "पोलिसांत जाऊ या" हे शब्द माझ्याही तोंडून निघाले नाहीत. मुलीचा खेळ सुटला. सहा-सात महिन्यांनी शेजारच्या तालुक्यात स्पर्धेला गेले, तर तोच माणूस दुसऱ्या एका मंडळाच्या मुलींच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून उभा. छातीवर बिल्ला. त्याने मला नमस्कार केला. मीही केला.

त्या बैठकीनंतर आठ दिवसांनी सर सुताराला घेऊन मैदानावर आले आणि सामानाच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. सुताराने विचारलं, नवीन कधी बसवायचं? सर म्हणाले, "बसवायचं नाही." माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "चुकलं आपलं." खोलीला नंतर लोखंडी जाळी लागली, आरपार दिसणारी. ती आजही आहे; जाताना बघा.

त्या दाराबद्दल मी सरांची ऋणी आहे आणि त्या बैठकीतल्या मौनाबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. स्मृतिव्याख्यानात असं बोलू नये असा संकेत आहे, ठाऊक आहे मला. पण रोज खुंट हलवून बघणाऱ्या माणसाच्या नावाने उभं राहायचं, तर हलणारा खुंट हलतो असं म्हणायला हवं.

मंडळ म्हणजे घर, हे आपण किती कौतुकाने म्हणतो. प्रशिक्षक दादा, प्रशिक्षिका ताई, सचिव काका. मायेचा ओलावा आहे त्यात, नाही कसा? २०१९ च्या त्या पुरात याच मंडळाची पोरं होडीतून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढत होती. पण घराची काही वळणंही त्या मायेबरोबर आत येतात. घरात थोरल्याला उलट विचारायचं नसतं. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नसते. घरच्या माणसाकडे हिशोब मागायचा नसतो. घरात या वळणांनी काय काय झाकलं जातं, हे इथे बसलेल्या बायकांना मी सांगायला नको. मंडळ थोडं कमी घरासारखं आणि थोडं जास्त मैदानासारखं असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. मैदानावर पंच असतो, रेघा असतात, आणि फाउल झाला तर तो कर्णधाराचाही असतो.

शिवाय घरात नसते अशी एक गोष्ट मंडळात असते, ती म्हणजे सही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलिस भरतीची तयारी करणारी आपल्याकडची किती मुलं-मुली त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर पळत असतात! शेतमजुराच्या पोरीला गावातून बाहेर पडायची ती एकच वाट असते. आता संघात घेणार कोण, स्पर्धेला नेणार कोण, अर्जावर शिफारस लिहिणार कोण? बहुतेक वेळा एकच माणूस. त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे आपल्याच हाताने आपली वाट बुजवायची. "मग मुली बोलत का नाहीत?" असं विचारणाऱ्यांनी आधी त्या सहीकडे बघावं.

हे काही आपल्या गावचंच दुखणं नाही. १९९० साली हरियाणातल्या पंचकुल्यात रुचिका गिरहोत्रा ही चौदा वर्षांची मुलगी टेनिस शिकत होती. राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष पोलिस खात्यातला बडा अधिकारी. त्याच्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली म्हणून पुढे काय काय झालं? फीचं कारण दाखवून शाळेने तिला काढलं. भावावर गुन्ह्यांमागून गुन्हे लागले. १९९३ मध्ये तिने जीव दिला. त्या अधिकाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरवलं ते डिसेंबर २००९ मध्ये, आणि शिक्षा सुनावली सहा महिन्यांची. पुढच्या वर्षी ती वाढून दीड वर्ष झाली. पण मला या प्रकरणातली वेगळीच एक गोष्ट टोचत राहते. एवढी वर्षं खटला धरून ठेवला तो रुचिकाच्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी. बरोबर खेळणाऱ्या पोरीच्या घरच्यांनी! आमच्या आठव्या नावाच्या घरी आम्ही गल्ली ओलांडूनही गेलो नव्हतो.

२०२३ च्या जानेवारीत कुस्तीगीर विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसले. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम, त्यात मी शिरत नाही. मात्र त्या निमित्ताने एक गोष्ट उघडी पडली. देशातल्या तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी निम्म्यांत कायद्याला हवी तशी तक्रार समितीच नव्हती, अशी बातमी आली, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोटिसा काढल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तेव्हा दहा वर्षांचा झाला होता. त्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' म्हणजे काय, हे सांगताना क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा, सरावाची जागा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आपलं हे मैदानही त्यात येतं. "आमच्याकडे कुणी पगारी नाही, आम्हाला कुठली समिती?" असं आपले सचिव म्हणतील. दहापेक्षा कमी माणसं कामाला असली तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडे तक्रार जाते. तिचा पत्ता मंडळाच्या फळ्यावर का नाही, एवढंच मी विचारते.

मुलांच्या बाबतीत तर कायद्याने आडपडदाच ठेवलेला नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर वर्षापर्यंत. मुलगा असो की मुलगी, कायदा एकच, हे मी मुद्दाम सांगते, कारण मुलग्यांचं तर आपण मनातही आणत नाही. पोलिसांनी मुलाचा जबाब त्याच्या घरी, साध्या कपड्यांत येऊन घ्यायचा. मुलाचं नाव बाहेर फोडायचं नाही. म्हणजे आमची १९९८ ची ती चहाची बैठक आज भरली, तर तिथे बसलेले दहाच्या दहा जण स्वतः गुन्हेगार ठरतील. यात मीही आले. आधी आपण चौकशी करू, मग बघू, असं म्हणायचा अधिकार आता कार्यकारिणीला नाही. चौकशी पोलिसांनी करायची. आपण फक्त कळवायचं, आणि त्या माणसाला त्याच दिवसापासून मुलांपासून दूर ठेवायचं. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. सतरंजीवरच्या पोरांनो, एवढा पाठ करा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही केला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचं धोरण आखा, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण दिल्लीतून निघालेला कागद आपल्या फाटकाशी पोचेपर्यंत आजच्या पोरींची लग्नं होऊन त्यांच्या पोरी मैदानावर यायच्या.

आता थोडं मानाविषयी, कारण सुरक्षितता म्हणजे नुसता लैंगिक छळ नव्हे.

पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर रोलर फिरवणारा, जाळी लावणारा एक पोरगा साहेबांना सरावाला चेंडू टाकता टाकता गोलंदाज झाला. बाळू पालवणकर. अस्पृश्य मानलेल्या जातीतला. युरोपियनांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांना एकच. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे पॅव्हिलियनमध्ये कपबशीतून पिणार आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यातून. जेवायचं पानही वेगळं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसाने ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही; ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. विठ्ठल पालवणकरांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिलं, 'माझे क्रीडा-जीवन'. इथल्या किती क्रीडाशिक्षकांच्या कपाटात ते आहे?

आज मातीचं भांडं नाही. पण सामना संपल्यावर मॅट गुंडाळायला रोज तीच चार पोरं का उठतात, आणि ती कोणत्या वस्तीतली असतात, हे एकदा बघा. कुणाला कोणत्या नावाने हाक मारली जाते, ते ऐका. काळ्या, जाड्या, चष्मिस, आणि त्याहून वाईट, जातीवरून पडलेली, आता सगळ्यांना सवयीची झालेली नावं. "मुलीसारखा काय पळतोस?" हे वाक्य मी स्वतः मुलांच्या संघाला ऐकवलेलं आहे. माझ्या मुलींचा संघ तेव्हा जिल्ह्यात पहिला होता. एका मुलीनेच मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, मुलीसारखं म्हणजे कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि पाणी. आमच्या मैदानावर उन्हाळी शिबिरात एक मुलगी चक्कर येऊन पडली. ऊन होतंच, पण तिने सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. का? मैदानावर मुलींना संडास नव्हता. चार तास जायचं कुठे, म्हणून पोरी घोटभर पाण्यावर काढायच्या, आणि पाळी असली की सरळ येतच नसत. आम्ही पटावर गैरहजेरी मांडायचो आणि "शिस्त नाही" म्हणायचो. त्याच वर्षी मंडळाने कमान बांधली होती. देणगीदाराचं नाव ठळक अक्षरांत. संडास त्यानंतर सहा वर्षांनी झाला, त्यावर मात्र नाव घालायला कुणी तयार होईना.

खुंट हलवून बघायचं काम संपत नसतं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये रोहतक जिल्ह्यात सोळा वर्षांचा एक बास्केटबॉल खेळाडू सराव करता करता कडीला लोंबकळला आणि अख्खा खांब त्याच्या छातीवर आला. पोर गेलं. तो खांब कुणीतरी आदल्या दिवशी हलवून बघायला हवा होता. दहीहंडीचं घ्या. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने वीस फुटांची आणि अठरा वर्षांची मर्यादा घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वय चौदावर आलं, २०२२ मध्ये सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. वाद रंगला तो फुटांवर. सरावाच्या रात्री वरच्या थराच्या पोराला "आज नको वाटतंय" असं म्हणता येतं का, आणि म्हटलं तर त्याची टिंगल होते की नाही, हे मात्र कुठल्याही न्यायालयात ठरत नाही, पथकातच ठरतं. डोक्याला मार लागलेलं पोर "काही नाही सर, खेळतो" म्हणतं, तेव्हा त्याला बसवायचं असतं. त्याने बहादुरी दाखवली म्हणून टाळ्या वाजवायच्या नसतात.

आता एक प्रश्न, तो इथल्या पुरुष प्रशिक्षकांच्या चेहऱ्यावर मला मघापासून दिसतोय. मग काय, मुलांना हातच लावायचा नाही? मल्लखांबावर उलटं लटकलेल्या पोराला झेलायचं कसं? कुस्तीत वस्तादाने पकड दाखवायची कशी? आणि उद्या कुणी खोटंच नाव घेतलं तर? प्रश्न रास्त आहे. चांगली माणसं धास्तीने मैदान सोडून गेली तर तोटा पोरांचाच.

उत्तर खो-खोतच आहे. हात लावा, पण शब्द बोलून लावा. "कंबर धरतोय, मग पाय वर घे," एवढं आधी म्हणायला एक सेकंद लागतो. सगळ्यांसमोर लावा. पाय चोळायचा तर ओट्यावर, चौघांत. प्रवासात दोन मोठी माणसं, त्यात एक बाई. पोरीला एकटीला गाडीवरून सोडायचं नाही, कितीही जवळचं घर असो. मोबाइलवर मुलांना निरोप द्यायचा तो पालक असलेल्या गटावर; रात्री अकराला "झोपलीस का" असं विचारणाऱ्या प्रशिक्षकाला खेळातलं काही सांगायचं नसतं. हे नियम पाळणाऱ्या माणसावर खोटा आळ यायला जागाच उरत नाही. जाळीचं दार पोरींना जितकं राखतं, तितकंच सरळ माणसालाही.

असे नियम इंग्लंडमध्येही सुखासुखी आले नाहीत. १९८८ च्या ऑलिंपिकचा त्यांचा जलतरण प्रशिक्षक पॉल हिक्सन १९९५ मध्ये मुलींवरच्या अत्याचारांसाठी सतरा वर्षं तुरुंगात गेला, तेव्हा कुठे डोळे उघडले. २००१ मध्ये खेळातल्या मुलांच्या संरक्षणासाठी वेगळा विभाग निघाला. आज तिथल्या गल्लीतल्या फुटबॉल क्लबालाही, मुलांचा संघ असेल तर, मुलांची काळजी वाहणारा एक नेमलेला माणूस ठेवावा लागतो. आपण त्याला अधिकारी वगैरे म्हणू नये; अधिकारी म्हटलं की पोरं पळतात. आपल्याकडे चांगला शब्द आहे, विचारपूस. मंडळात एक विचारपूस करणारी बाई असावी. ती संघ निवडणारी नसावी, सही करणारी नसावी, शक्यतो कार्यकारिणीतल्या कुणाची बायको नसावी. तिने दर शनिवारी हजेरीपट घेऊन बसावं आणि कोऱ्या चौकटी वाचाव्यात. कोण आलं नाही, कोणत्या वारी आलं नाही, आणि मग चप्पल घालून त्या घरी जावं.

सोडून गेलेल्या माणसाबद्दल दुसऱ्या मंडळाने विचारलं तर खरं सांगायचं. विचारलं नाही तरी सांगायचं. १९९८ मध्ये आम्ही ते केलं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या त्या संघात चौदा मुली होत्या. मी त्या दिवशी मोजल्या होत्या.

सरांच्या नावाने दरवर्षी एक ढाल दिली जाते. संयोजकांना माझी विनंती आहे की यंदा ढालीचे पैसे वाचवून मैदानाच्या दिव्याची सोय करावी. खोलीपासून फाटकापर्यंतचा भाग सातनंतर काळोखात असतो. आणि पालकांनो, तुम्ही पोरांना फाटकात सोडून गाडी वळवता. उद्यापासून पंधरा मिनिटं आत या. जांभळाखाली दोन बाक ठेवले आहेत. तिथे बसून सराव बघायला कुणाची परवानगी लागत नाही.